साठपैकी साठ नर

२ मार्च, सकाळी ११
नवी वही, नवं काम. लॅबमधली चष्मेवाली मुलगी येऊन गेली. मुलाच्या यार्डाच्या उतारावर, जिथे रंगकामासाठी बोटी ओढून घेतात, तिथल्या शंखांची तपासणी आहे. बोटीच्या बुडाला लावायच्या जुन्या रंगात एक विष असायचं. ते पाण्यात उतरलं की शंखांच्या माद्यांना नको ते उगवतं म्हणे. त्या रंगावर बंदी येऊन बरीच वर्षं झाली. शंख धडधाकट निघाले की यार्डाला सर्टिफिकेट, नाहीतर उतार बंद. लॅबमध्ये माणसं कमी, म्हणून तिने मदत मागितली. मी लगेच हो म्हटलं. घरचं माणूस कसं चालेल, असं मुलगा पुटपुटला. सगळे नमुने मी पुन्हा बघणारच आहे, असं ती म्हणाली. बघू दे. माझी शिस्त सगळ्यांना ठाऊक आहे.
उद्यापासून साडेपाचला उठायचं.

३ मार्च, सकाळी ९
जाग आली आठला. तोवर ओहोटी संपली होती. समुद्रालाही शिस्त असते, त्याला दोष देत नाही.
लॅबची माहितीपुस्तिका वाचली, पान सहा-सात सोडून. तिथे चित्रं आहेत. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी जीवशास्त्राच्या पुस्तकातलं एक अख्खं प्रकरण स्टेपल करून दिलं होतं, आणि तरी माझा पहिला नंबर आला. मीही त्या दोन पानांना पिना मारून टाकल्या. मन एकाग्र राहतं.

६ मार्च
साठ शंख गोळा केले. (मुलाने केले. मी बादली धरली. कंबर.)
लॅबमध्ये त्यांना आधी झोपवतात. मग वाइसच्या लोखंडी जबड्यात धरून कवच फोडायचं, चिमट्याने जीव बाहेर काढायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. मला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. खरं तर काहीच वाटलं नाही.
तक्त्यात शेवटचा रकाना आहे, कशाच्या तरी लांबीचा. कशाच्या ते मी इथे लिहिणार नाही. तो मी लॅबच्या पट्टीने झाकून ठेवते. बाकी काम सोपं. ज्याला ते आहे, तो नर.

९ मार्च
पंचवीस झाले. पंचवीसही नर. मुलगेच मुलगे. पाणी चांगलं असणार.
यांच्या छोट्या बोटीचं रंगकाम काढायला हवं. हे गेल्यापासून दर मार्चमध्ये मीच करते. बंदी यायच्या आधी यांनी त्यांच्या आवडीच्या निळ्या रंगाचे डबे भरून ठेवले होते, त्यातले दोन उरलेत. या रंगाला शेवाळ हात लावत नाही, असं हे म्हणायचे. खोटं नाही. नव्या रंगाला सहा महिन्यांत दाढी येते. मुलाला वाटतं, बंदीनंतर जुना रंग गोळा करायला आलेल्या लॅबच्या गाडीतून डबे केव्हाच गेले. सांगायचं राहून गेलं. आणि बोट ती केवढी, समुद्र केवढा.

१२ मार्च, दुपार
बोट उतारावर घेतली. जुना थर खरवडला, भुकटी पाइपने धुऊन पाण्यात सोडली. उतार कसा लख्ख झाला. मग दोन हात निळा. यांचा जुना शर्ट घातला होता. त्याला अजून टर्पेंटाइनचा वास येतो. मुद्दाम धुतलेला नाही.
मुलगा लहान असताना हे याच उतारावर दगड उलटे करून त्याला शंखांची अंडी दाखवायचे. पिवळी, गव्हाच्या दाण्यांएवढी, दाटीने उभी. तो त्याला 'शंखांचं शेत' म्हणायचा. आज आठ दगड उलटे केले. एकही नाही. थंडी लांबली असावी. गेल्या वर्षीही लांबली होती. त्याच्या आदल्या वर्षीही.

१५ मार्च
काम पूर्ण. साठपैकी साठ नर. मुलाला चहाच्या वेळी सांगितलं. तो हसला. म्हणाला, बायका काय संपावर गेल्या की काय? मीही हसले. चष्मेवाली हसली नाही. तिने नमुन्यांच्या बाटल्या मागितल्या. आणि माहितीपुस्तिका.
सर्टिफिकेटसाठी फ्रेम बघून ठेवली आहे.

१७ मार्च
चष्मेवालीने आधी पुस्तिकेतल्या पिना काढल्या. मग दोन तास मायक्रोस्कोपला डोळा लावून बसली. मी शेजारी, शाळेतल्यासारखी हात मांडीवर ठेवून.
"काकू, यातल्या एकतीस माद्या आहेत."
मी म्हटलं, पण त्यांना तर ते आहे. ती म्हणाली, तेच तर. अंड्यांची वेष्टणं बनवणारी ग्रंथी आत असली की ती मादी, वर काहीही उगवलेलं असो. आणि ते उगवताना अंडी बाहेर पडायचं तोंडच बुजून जातं. अंडी तयार होत राहतात, आतच साठतात. शेवटी मादी मरते.
मग तिने मला चौदा नंबर दाखवला. आत तपकिरी गोळा, घट्ट दाबून भरल्यासारखा. अशा बावीस.
यात त्या बिचाऱ्यांची काहीच चूक नाही, असं मी म्हटलं. कोण म्हणतंय काकू, असं ती म्हणाली. तिने मला चहा करून दिला. तो प्यायले.

१८ मार्च
लॅबला उताराखालच्या चिखलात रंगाचे कण सापडले. जुने नाहीत, ताजे. निळे. मुलगा शेडमध्ये आला तेव्हा मी ब्रश धूत होते.
"आई, बाबांच्या बोटीला तू कुठला रंग लावतेस?"
त्यांचाच, म्हटलं. तो उलट्या बादलीवर बसला. कधीपासून, असं विचारलं. सांगितलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.
"एवढीशी तर बोट आहे रे," मी म्हटलं.
"शंखही एवढेसेच असतात, आई."
मग उठून त्याने दोन्ही डबे हलवून पाहिले. रिकामे होते.

२१ मार्च
सर्टिफिकेट नाही. उतार बंद, किमान पाच वर्षं. त्याने तीन गिऱ्हाइकांना फोन करून बोटी दुसरीकडे न्यायला सांगितलं. यांची बोट ताडपत्रीखाली, गाडीवर चढवून ठेवली आहे. तिचं काय करायचं ते लॅब ठरवणार.
चष्मेवालीने विचारलं, तक्ता पुन्हा भराल का, तुमचं अक्षर छान आहे. भरला. नंबर चौदा. उंची एकोणतीस मिलिमीटर. मादी. शेवटचा रकाना: तीन पूर्णांक दोन. वर कशाची लांबी ते छापलेलं आहे. पट्टी ठेवली नाही. एकतीस वेळा वाचलं.
शर्ट धुवायला टाकला.

२२ मार्च
आज आपोआप साडेपाचला जाग आली. ओहोटी होती. उतारावर जायला बंदी आहे.