शून्य रोगी

रत्नागिरी,
२४ नोव्हेंबर १९८६

ती. जानूदादास आत्मारामचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. भात कापून झालं, झोडणी राहिलीय. आई बरी आहे. बकुळावहिनी गुरुवारी दवाखान्यातून घरी आली. भिंतीला धरून चालते.

तू रागाने विचारलंस, पाचव्या महिन्यात तिला जड कामं का करू दिली? दादा, मूल कामानं गेलं नाही. हिवतापानं गेलं.

माझ्या ऑफिसातलं काम तुला कधी नीट सांगितलं नाही. गावात माणशी डास किती, ते किती दिवस जगतात, यावरून एका रोग्यामागे नवे किती होतील ते मी मांडतो. फवारणीचं औषध सगळ्या गावांना पुरत नाही, म्हणून साहेब माझ्या आकड्यांवरून गावं निवडतात. आपल्या वाडीचा आकडा चार आला. एकापासून चार. पण वाडीत रोगी शून्य. शून्याला चाराने गुणलं तरी शून्यच, म्हणून मी वाडी यादीतून काढली.

ती यादी मी गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी केली. आदल्या दुपारी तू, कामावरून गणपतीला घरी आलेला, पडवीत दोन गोधड्या घेऊन कुडकुडत होतास. मी सुई काढली, तेव्हा तू म्हणालास, "बोट नको टोचू. रोग्यांत नाव लागलं की इथेच अडकवून ठेवशील, तिकडे मुकादम दुसरा माणूस घेईल."

मी सुई ठेवून दिली. गोळ्यासुद्धा दिल्या नाहीत, कारण त्या कुणाच्या तरी नावावर लिहाव्या लागतात.

दसऱ्याच्या सुमारास वाडीत चौघं तापानं पडली. त्यांचे रक्तनमुने तपासून यायला महिना गेला. तोवर आणखी सोळा. त्यात वहिनी. माझं गणित तंतोतंत खरं ठरलं, दादा. सुरुवातीचा आकडा तेवढा मी जाणूनबुजून खोटा लिहिला होता.

परवा साहेबांना हे सगळं लेखी दिलं. त्यांनी दोनदा वाचलं, कागद खणात ठेवला आणि दुपारीच फवारणीची माणसं वाडीत पाठवली. माझं काय करणार ते बोलले नाहीत.

काल वहिनीला पेज नेऊन दिली. वाटीत बघत ती म्हणाली, "भावजी, आपल्या घरात हा ताप आणला कुणी?"

मी म्हटलं, "डासांनी."

तिने मान हलवली. पेज तशीच राहिली.

तिकडे आधी रक्त तपासून घे आणि रविवारपर्यंत ये. तिला सांगायचं ते आपण दोघांनी सांगू. नाही आलास, तर सोमवारी मी एकटा सांगेन, आणि नावं दोघांची घेईन.

तुझा धाकटा भाऊ,
आत्माराम