इंग्रजी पाटी

शिर्डी,
ता. ९ जानेवारी १९७२

चि. छबू हिस मामाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

पाटी कितीला पडली म्हणून विचारलंस. रंगाचं सोड. खरी किंमत अशी: बन्सी पेंटरला तीन वेळचं जेवण, त्यातलं एक मटणाचं, माझे दोन गुरुवार, कारण शिडी दुकानात आडवी, आणि तुझ्या मामीचा अबोला, कारण लाकूड मिळेना म्हणून तिच्या फडताळाचं दार काढून नेलं. फडताळ अजून उघडं आहे. रोज त्याच्यासमोर बसून मला जेवायला वाढते.

पण पाटी अशी झाली आहे की विचारू नकोस. तू कागदावर काढून दिलेली अक्षरं बन्सीने जशीच्या तशी उतरवली. गोरक्ष फ्लॉवर स्टोअर्स. हार-प्रसादाच्या सगळ्या ओळीत इंग्रजी पाटी आपली एकट्याची. शेजारचे येतात, मान वर करून बघतात आणि जातात. पुणतांब्याहून डोक्यावर गुलाबाची पाटी घेऊन यायचो, तेव्हा हेच मला सावलीत बसू देत नव्हते.

आता कामाचं. गोरक्षचं पुण्याहून पत्र आलं. त्याचे कारखान्याचे मोठे साहेब, मद्रासचे, दहा फेब्रुवारीच्या गुरुवारी दर्शनाला येणार, हा बरोबर असणार. लिहितो की वेळ थोडा आहे, घरी येणं होणार नाही, तुम्ही धावपळ करू नका. भिडस्त आहे पोरगा. पण साहेब असला तरी देवळात बूट घालून जाणार नाही, आणि बूट कुठे ठेवणार, तर हार घेतील त्या दुकानात. म्हणजे आपल्याच.

गुजराती, तेलुगू मी गिऱ्हाइकांच्या तोंडून नुसत्या कानाने उचलली. इंग्रजी तेवढी राहिली. साहेबांना माझी ओळख मीच करून देणार. मी तो माणूस, ज्याचा मुलगा तुमचा इंजिनियर आहे, हे इंग्रजीत कसं म्हणायचं ते लिही. तू शाळेत एवढ्या पोरींना शिकवतेस, एक म्हातारा जास्त.

मामी अबोल्यातूनही तुला आशीर्वाद सांगते. तुझी माया आहे तशी ओली राहू दे.
तुझा मामा
गहिनीनाथ

---

अहमदनगर,
ता. १६ जानेवारी १९७२

ती. स्व. मामांस छबूचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी शिक्षकांच्या खोलीत वाचलं आणि फडताळापाशी मोठ्याने हसले. हेडबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

मराठीत आपण जो म्हटलं की तो आणतोच, बैलजोडीसारखे. इंग्रजीत एकच बैल. आधी माणूस उभा करायचा, त्याच्यामागे हू जोडायचा आणि मग तो काय करतो ते सांगायचं. द मॅन हू सेल्स फ्लॉवर्स. हू फक्त माणसाला लागतो, वस्तूला विच. ज्याचा म्हणायचं असेल तर हूज. म्हणून तुमचं वाक्य: आय अ‍ॅम द मॅन हूज सन इज युवर इंजिनियर.

आणखी एक, हे मुली नेहमी चुकतात. माय फादर, हू सेल्स फ्लॉवर्स, असं मध्ये थांबून म्हटलं, तर वडील आधीच ठरलेले असतात; फुलांची माहिती नुसती वरची, काढून टाकली तरी वडील राहतात. पण न थांबता द मॅन हू म्हटलं, तर हूच्या मागे जे येईल त्यावरूनच माणूस ओळखायचा. ते काढलं तर कुणीच उरत नाही.

मामा, एक सुचवू का? गोरक्षदादा धावपळ करू नका म्हणतो, तर खरंच करू नका. त्या गुरुवारी दुकान बन्सीवर सोपवून घरीच थांबा. साहेब लोकांचं काही सांगता येत नाही. दादा मागच्या महिन्यात नगरला आला होता, कामाच्या ताणात दिसला. बाकी काही नाही.

मामींना नमस्कार. धाकट्यांवरचा तुमचा हात असाच राहू द्यावा.
आपली
छबू

---

शिर्डी,
ता. २५ जानेवारी १९७२

चि. छबू हिस अनेक आशीर्वाद, वि. वि.

वाक्य पाठ झालं. सकाळी हार ओवताना म्हणतो, एका फुलाला एक शब्द. नऊ फुलं होतात. मामीने पहिल्या दिवशी विचारलं, कुनाला शिव्या देताय? अर्थ सांगितला तेव्हा हातातलं काम टाकून म्हणाली, त्यात माजं बी नाव घाला की. म्हणजे अबोला सुटला. साहेबांसाठी पुरणपोळ्यांचा डबा देणार आहे, तूप वेगळ्या बरणीत.

दुकान बन्सीवर सोपव म्हणतेस. बन्सीला हार उलटा की सुलटा ते कळत नाही. आणि माझा मुलगा साहेबाला घेऊन येणार नि मी घरात बसू? सगळ्या ओळीला सांगून ठेवलं आहे. त्या दिवशी साहेबांसमोर एका दमात इंग्रजी बोलणार, या ऐकायला.

तुझ्या पत्रातली शेवटची ओळ मला जरा घोगरी वाटली. सर्दी झाली असेल तर काढा घे.
सदैव तुझा
मामा

---

शिर्डी,
ता. १२ फेब्रुवारी १९७२

चि. छबू हिस आशीर्वाद, वि. वि.

साहेब येऊन गेले. तू वाट बघत असशील म्हणून सगळं लिहितो.

गाडी उतरून मंडळी चालत आली तेव्हा गोरक्ष रस्त्याच्या पलीकडच्या अंगाने साहेबांना पुढे नेत होता. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. मला वाटलं, गर्दी आहे. पण साहेबांना पाटी दिसली. सगळ्या ओळीत त्यांना वाचता येणारी ती एकच. हसत हसत तेच वळले. तुझी अक्षरं छान आहेत गं.

साहेबांनी पाटीकडे बोट केलं, मग गोरक्षकडे. तुझंच नाव, हा तुझा कोणी लागतो का, असं विचारत होते. तेवढं इंग्रजी मला कळतं. मी डबा खाली ठेवला, हात पुसले, छाती भरून घेतली. माझ्या आधी गोरक्ष बोलला. नो सर, ही इज द मॅन हू कीप्स अवर शूज.

मध्ये थांबला नाही. मी नीट ऐकलं.

मग दोघांनी बूट काढले. साहेबांचे मी घेतले. गोरक्षचे त्याने स्वतः फळीखाली सारले, माझ्या हातात दिले नाहीत. हार घेतला आणि त्याचे पैसे दिले. सुटे परत दिले ते मोजून घेतले.

दर्शन करून आले तेव्हा साहेबांनी मोडक्या हिंदीत विचारलं, पाटीवरचं नाव कुणाचं. माणूस चांगला आहे, छबू. डोळ्यांत बघून बोलतो. माझं वाक्य जिभेवर होतं. गोरक्ष खाली बसून बुटाची नाडी बांधत होता, केव्हाची बांधत होता. मी म्हणालो, मुलाचं. साहेब म्हणाले, मुलगा कुठे असतो. मी म्हणालो, लांब असतो. तेव्हा त्याची नाडी बांधून झाली.

ओळीतले ऐकायला जमले होते, ते हळूहळू आपापल्या दुकानात गेले. पोळ्या मी बन्सीला खाऊ घातल्या आणि रिकामा डबा घरी नेला. मामी विचारते, साहेबांना तूप पुरलं का. पुरलं म्हणालो.

एक मात्र खरं. त्याने हू म्हटलं, विच नाही म्हटलं. तेवढा मान ठेवला.
मामा

---

अहमदनगर,
ता. १७ फेब्रुवारी १९७२

ती. स्व. मामांस सा. न. वि. वि.

पत्र वाचून शाळेत गेलेच नाही. दादा काल इथे येऊन गेला. नोकरीला लागताना त्याने साहेबांना सांगितलं होतं की वडील बागायतदार आहेत, गुलाबाचे मळे आहेत, दारात मोटार आहे. तेव्हा बोलून बसला, आता फिरवता येईना. डिसेंबरात आला होता तेव्हाच हे त्याने मला सांगितलं होतं, म्हणून तुम्हाला घरी थांबा म्हणाले. उघड लिहायला माझा हात धजला नाही.

मी त्याला जेवायला वाढलं नाही. तो जरा वेळ बसला आणि गेला. म्हणाला, दिवाळीला येईन तेव्हा बाबांना नवा कोट आणीन.

मामा, गर्दीत एखादा शब्द ऐकू आला नसेल का? माय फादर, हू कीप्स अवर शूज, असंही तो म्हणाला असेल. मधला श्वास हारवाल्यांच्या गलक्यात बुडाला असेल. तसं असेल तर वाक्य वेगळं होतं. तसंच असेल म्हणा ना.

रागवा, पण लिहीत राहा.
तुमची
छबू

---

शिर्डी,
ता. २४ फेब्रुवारी १९७२

चि. छबू हिस आशीर्वाद, वि. वि.

तू जोडून दिलेला श्वास गोड आहे. पण आयुष्यभर मी कानांवरच पोट भरलं. नो सर आधी आलं, मग बाकीचं.

तुझ्यावर राग नाही. तू शिकवलंस म्हणून कळलं. नाहीतर मी हसून मान डोलावली असती, आणि ते आणखी वाईट झालं असतं. गोरक्षला जेवायला वाढत जा. कोट आणू नकोस म्हणावं, इथे ऊन फार असतं.

मामीला यातलं काही सांगू नकोस. ती फडताळाचं दार परत मागते. दिलं तर ती नाव बघेल, मग विचारेल, हे का उतरवलं. म्हणून दार दुकानावरच ठेवलं, नुसतं उलटं केलं. मागची बाजू कोरी होती. बन्सीने काल रंगवली, या वेळी जेवायला थांबला नाही.

तब्येतीला जप. म्हाताऱ्या शिष्याला विसरू नकोस.
तुझा मामा
गहिनीनाथ

ता. क. पाटीवर आता काय आहे ते तू विचारशीलच. मराठीत आहे. येथे चपला-बूट सांभाळून ठेवले जातात.