हळदीकुंकवाचा चेंडू

किन्हीराजा,
४ डिसेंबर १९५६

दोन महिन्यांनी एक पत्र, अन् त्यात माह्या गुडघ्याचा 'ग' नाही! पानभर निस्ता चेंडू. आजी जित्ती हाये का गेली, एवढं तरी इचारायचं होतं, मास्तरा!

चि. जगदेवले आशीर्वाद.

तुह्या शाळेचे पोट्टे चेंडू आला की डोये मिटतात. माह्या माहेरच्या शाळेशी हरले तर हेडमास्तर बॅटी कपाटात कोंबनार. अन् तू नुसता "ध्यान द्या" ओरडून राह्यला! ध्यान काय गुळाचा खडा हाये, मांगितला की देला? डोयाले काम दे. चेंडूच्या एका अंगाले हळद लाव, दुसऱ्याले कुंकू. पोट्ट्यानं आंदी रंग सांगायचा, मंगच मारायचं. जवारीच्या राखणीले पाखराचा रंग सांगितल्याबिगर तुले म्या गोफण फिरवू देल्ली होती काय?

माया आटू देऊ नको.
प्रयागबाई

कामरगाव,
१८ डिसेंबर १९५६

ती. आजीस सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? (पहिल्याच ओळीत विचारले!)

उपाय लागू पडला. बॅट धरून झाडावरची माकडे पाहणारा आमचा धनसिंगसुद्धा आता "हळद!" म्हणून फटका मारतो. पण सामन्याला मी तोच चेंडू नेला, आणि घात झाला. पहिल्याच फटक्याला चेंडू गवतात गेला. हळदीकुंकू पाहून तुझ्या माहेरची मुले करणी, करणी म्हणत पळाली. पंच उकंडरावही दोन पावले मागे सरले. आमची पोरे धावतच सुटली!

शेवटी त्या धावा रद्द झाल्या आणि त्यांचा चेंडू आला, सगळाच लाल. शेवटच्या चेंडूला तीन धावा हव्या होत्या, समोर धनसिंग. आता हा कोणता रंग सांगणार? मी मान खाली घातली. तेवढ्यात तो ओरडला, "शिवण!" आणि चेंडू हद्दीवरच्या बाभळीपलीकडे.

बॅटी कपाटाबाहेरच आहेत. मायेची ऊब असू द्यावी.
तुझा जगदेव

किन्हीराजा,
२६ डिसेंबर १९५६

करणी म्हने! देव्हाऱ्यातल्या हळदीले! माहेर माह्यंच, काय बोलू? तिथं वाटेत लिंबू पडलं तर बैलबी वळसा घालते.

चि. जगदेवले आशीर्वाद.

मास्तर होऊन ऐनवक्ताले मान खाली घालतं? सगळ्यात आंदी तुह्याच डोयाले हळद लावा लागते. शिवण म्या सांगितली नव्हती, तूबी नाही. ते त्या पोट्ट्यानं सोताच पाह्यलं.

गुडघा दुखतेच. जीव लावून ऱ्हाय.

ह्या पत्राचं उत्तर तू लिहू नको. धनसिंगानं लिहावं, सोताच्या हातानं. अन् आंदी गुडघा, मंग चेंडू.
प्रयागबाई