बुडाशी नाव असलेला डबा

शहादा,
२ जून २०२५

चि. सौ. नूतन हिस,
अ. उ. आ.

हिरलच्या शाळेची सूचना तू फोनवर दोनदा वाचून दाखवलीस, तरी मला समजली नाही. पर्यावरण राखायचे म्हणून चालते डबे-बाटल्या टाकायच्या आणि बांबूच्या नव्या घ्यायच्या. टाकलेल्या जाणार कुठे, हे कोणी लिहिले आहे का? मी बी.ए.ला अर्थशास्त्र घेतले होते, पण हे गणित मला सुटत नाही.

माझा भाचा भूपेंद्र उद्या बियाणे घ्यायला नंदुरबारला येतो आहे, त्याच्याबरोबर गाठोडे पाठवते. गेल्या वर्षीच्या वह्यांची कोरी पाने दाभणाने शिवून तीन वह्या केल्या आहेत. पुस्तकांना घालायला जुन्या कॅलेंडरची पाने आहेत. मागे पाककृती छापल्या आहेत, त्या पोरगी वाचत बसेल, म्हणून तारखांची बाजू बाहेर ठेव. दप्तर ललितच्या जुन्या जीनचे शिवले आहे. गणवेशाची दुमड सोडली आहे, तिची रेघ दिसेल, दिसू दे. स्टीलचा छोटा डबा माळ्यावर भेंडीचे बी भरून पडला होता, तो चिंचेने घासून दिला आहे.

हिरलकडून एक वाक्य पाठ करून घे: जुने चालते तोवर नवे आणायचे नाही.

फोनवर तू सगळ्याला हो म्हणतेस आणि मग मनाचे करतेस, म्हणून हे लिहून कळवले. उत्तरही लिहूनच दे. पाठकोरा कागद चालेल.

आमचा लोभ आहे तसाच आहे, तुमचाही टिकाऊ असावा.

तुझी सासू,
चारुलता


नंदुरबार,
५ जून

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

गाठोडे पोचले. दप्तर खालच्या मजल्यावरच्या मुलीला इतके आवडले, की तिने आपल्या वडिलांची पँट मागितली आहे. पण एक घोटाळा झाला आहे आणि तो मला एकटीला निस्तरता येत नाही.

तुम्ही डबा चष्मा न लावता घासला असावा. त्याच्या बुडाशी 'ललित – हेमांगी' असे कोरले आहे, खाली लग्नाची तारीख. हिरल हल्ली दिसेल ते वाचते, औषधाच्या बाटल्यासुद्धा. सुट्टीत तुमच्याकडे राहून आल्यापासून बोलते मात्र अहिराणीच. तिने डबा उलटा धरून विचारले, हेमांगी कोण शे. मी ह्यांच्याकडे पाहिले. हे भर दुपारी गाडी धुवायला निघून गेले.

खोटे बोलायचे नव्हते. म्हणून सांगितले, की पप्पांचे आधी एक लग्न झाले होते, मग दोघे वेगळे झाले, त्या आता दुसऱ्या गावी असतात. तिने ते ऐकून घेतले आणि नंतर तुमचे वाक्य काढले. म्हणाली, जुनी चालत होती तर पप्पांनी नवी कशाला आणली? आणि मोडली होती, तर तिला टाकली कुठे?

तेव्हापासून मी नुसती खोकले तरी टक लावून बघते. सोमवारी सोळाला शाळा उघडते, तर जाणार नाही म्हणते. परत येईन तेव्हा तू असशील का, एवढेच विचारते. मी हो म्हणते, पण तिला पटत नाही. काय सांगावे ते मला कळेनासे झाले आहे. वाक्य तुमचे आहे, तेव्हा उत्तरही तुम्हीच द्यावे.

मोठ्यांनी लोभ ठेवावा आणि लवकर लिहावे.

आपली,
नूतन


शहादा,
८ जून

चि. हेमांगी हिस,

पुढे आशीर्वाद लिहावा की नमस्कार, हे ठरले नाही. दोन्हीपैकी रुचेल तो घे. खापरला तू शाळेत शिकवतेस असे भूपेंद्रकडून कळले, त्यावर हा पत्ता घातला आहे.

तुझी भांडी मी स्वतः उभी राहून टेम्पोत भरली होती. एक डबा बी भरलेला म्हणून माळ्यावर राहिला. तो तुझा आहे. कुठे पाठवू ते कळव.

दुसरे असे, की तो डबा ललितच्या मुलीच्या हाती पडला. जुने टाकू नये असे मी तिला शिकवले, आणि आता ती विचारते आहे, की तुला टाकले कुठे. आपली आईही अशीच जाईल या भीतीने शाळेत जायला तयार नाही. मी दोन दिवस उत्तर लिहिते आहे आणि फाडते आहे. इतका कागद मी आयुष्यात वाया घालवला नव्हता. तू रोज मुलांत असतेस. तुला काही सुचत असेल तर लिही.

लोभाचे काय लिहावे कळत नाही. असल्यास असावा.

चारुलता


खापर,
११ जून

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

मायना मलाही सुचला नाही, म्हणून जुनाच वापरला. तुमच्या नियमात बसतो.

डबा परत पाठवू नका. इथली माझी मुले भाकरी फडक्यात बांधून आणतात. मीही तेच करते.

हिरलला सांगा, मी मोडले नव्हते आणि मला कोणी टाकलेही नाही. स्वयंपाकघरात एखादा डबा चांगला असतो, झाकणही चांगले असते, पण ती एकमेकांची नसतात. ठोकून बसवायला गेले, तर दोघांनाही पोचे येतात. आम्ही एक वर्ष ठोकून पाहिले. माणसांना तुमचे वाक्य लागू आहे की नाही, हे मलाही अजून नीट समजलेले नाही, असेही सांगा.

त्या डब्याचे झाकण मात्र खरोखरच सैल आहे. पोरीची भाजी सांडेल.

दोन्ही घरी लोभ असावा.

आपली,
हेमांगी


नंदुरबार,
१८ जून

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेले हेमांगीताईंचे पत्र भूपेंद्रभाऊंनी आणून दिले. हिरलने ते स्वतः वाचले आणि पप्पा डबा की झाकण, असे विचारले. मी ह्यांच्याकडे पाहिले. या खेपेस हे गाडी धुवायला गेले नाहीत. दुपारभर तिने घरातले सगळे डबे जमिनीवर मांडून झाकणे लावून पाहिली. तीन झाकणांचे डबेच सापडले नाहीत. ते कुठे गेले, हे आता मला विचारते आहे.

सोमवारी ती शाळेत गेली. बांबूचे काही घेतले नाही. वर्गात बाईंनी डब्यावरचे नाव पाहून विचारले, तर पप्पांच्या आधीच्या, खापरला असतात, चांगल्या आहेत, असे सांगून जेवायला बसली म्हणे. परत आली तेव्हा मी ओट्याशी होते. तिने एकदा डोकावून पाहिले आणि कपडे बदलायला गेली. काल डोकावली नाही.

झाकण सैलच आहे. डबा फडक्यात बांधून देते. भाजी सांडू नये म्हणून आत माझ्या लग्नातली छोटी वाटी ठेवली आहे. तिच्या बुडाशी माझे नाव आहे. मापाने केल्यासारखी बसली.

पुढचे गाठोडे बांधताना चष्मा लावावा, आणि लोभ असावा.

आपली,
नूतन