सावलीत वाळवायची चटई

३ फेब्रुवारी
मेमेनं, म्हणजे सासूबाईंनी, चटई उन्हात घातली! माझी योगाची, रबराची! केवड्याच्या पानांची चटई उन्हात तापवतात, तशी हीही भर दुपारी अंगणात. कोपरा पार वाळका झालाय, हात लावला की भुगा पडतो.

बाळंतपणापासून कपाटात पडून होती, पावसाळ्यात बुरशीचा वास धरला. सासूबाईंचा हेतू चांगला, हे कळतं. पण बोलणं? "पायाची घाण ती. बाळाच्या घरात कशाला?" पुढच्या आठवड्यात बाळाचा तीन महिन्यांचा विधी. तो झाला की मला उबुद शहरात योगाचे वर्ग घ्यायला परत जायचंय. मेमेला ते नकोय. चटई निमित्त!

४ फेब्रुवारी
धुतली. कोमट पाणी, थोडा व्हिनेगर, मऊ फडकं. तेल अजिबात नाही, मग पाय सरकतात. टॉवेलात गुंडाळून दाबली आणि दोरीवर टाकली, तर मेमे कडाडल्या — "अगं लूह, अगं पोरी! पायाखालची वस्तू डोक्यावर? बाळाला घेऊन त्याखालून जायचं?" खरंच की. माझी मलाच लाज वाटली. मागच्या पडवीत सावलीला पसरली.

५ फेब्रुवारी
वास गेला!! मी बाजारातून आले तर मेमेनं बाळ निजतं त्या ओट्यापाशी जमिनीवर जादा नैवेद्य ठेवला होता. विचारलं तर "असंच."

६ फेब्रुवारी


सकाळी बघते तर पडवीतली चटई ओट्याच्या खाली, अंगणात! मेमेनं पुन्हा हलवली म्हणून मी चरफडले. उचलणारच होते, तेवढ्यात चुलीवरचा भात उतू गेला. मेमे देवळात. बाळ ओट्यावर निजलेलं.

धप्प.

धावले. बाळ पालथं झालं होतं — आयुष्यात पहिल्यांदा! — आणि थेट खाली. चटईवर. रडलं, मग माझ्या केसांना लोंबकळलं. कुठे खरचटलंसुद्धा नाही. आणि जमीन? विधीआधी बाळाचं अंग मातीला लागता कामा नये. मी बसून नीट पाहिलं, दोन्ही हात, दोन्ही पाय चटईवरच. त्या भुगा पडणाऱ्या कोपऱ्यापासून वीतभर आत. सुटले! चटईला मिठी मारून रडले. वेडीच मी.

मेमेला नाही सांगितलं.

७ फेब्रुवारी
सांगावं का? नको. पण तोंड बघूनच ओळखतील. उगाच पुन्हा चटई पुसत बसले.

११ फेब्रुवारी
झालं! बाळाचे पाय मातीला टेकले. त्यानं सगळ्यांसमोर पुजाऱ्याचं उपरणं ओढलं. सगळे हसत होते, मला मात्र राहवेना. पाहुणे गेल्यावर मेमेला सांगून टाकलं — पडला होता, पण चटईवर. मातीला लागला नाही, शपथ!

मेमेनं कमरेचा शेला खोचला, इकडे तिकडे पाहिलं.

"माहितेय. पालथा व्हायला लागलाय तो. तू बाजारात गेली होतीस तेव्हाही पडला. माझ्या समोर. मातीतच."

मी बाळाला जवळ ओढलं.

"पुजाऱ्याकडून तीर्थ आणून शिंपडलं, नैवेद्य ठेवला. तुला सांगायची हिंमत झाली नाही गं. मग दुसऱ्या दिवशी चटई ओढून ठेवली." डोळे पुसले. "सोमवारपासून जा तुझ्या वर्गाला. आल्यावर चटई माझ्याकडे दे. सावलीत वाळवीन."