करडे शर्ट

५ मार्च, मंगळवार

आज लॉन्ड्रीत करड्या शर्टांचे गठ्ठे आले. नवे कोरे, नुसती इस्त्री मारायची. पाठीवर मोठ्या अक्षरांत छापलंय — बाहेरचे बाहेर! रविवारच्या मोर्चासाठी. मालकीणबाई म्हणाल्या, "वाचत बसू नकोस. उलटा कर आणि इस्त्री फिरव." छापील कपड्याला तशीच फिरवतात, रंग चिकटत नाही. पण माझं वाचून झालं होतं!

६ मार्च

जेवायच्या खोलीत टीव्ही चालू. एका देशात भिंत बांधतायत, दुसरीकडे माणसांनी भरलेल्या बोटी परत लोटतायत, तिसरीकडे बाहेरच्यांना ठेवायचं की हाकलायचं यावर मतदान. माझ्या खोलीतला वेल्डर म्हणतो, "आपण एवढे मोठे कधी झालो रे? घरी तर मला कोणी चहाला पण विचारत नाही!" हसला खरा. घास तसाच हातात.

७ मार्च

दादाला फोन केला. दादा म्हणजे मावशीचा मुलगा, मला इथं त्यानेच आणलं. त्याचे कागद पक्के, मुलं इथल्या शाळेत. "रविवारी बाहेर पाऊल टाकू नकोस. मी आहे ना!" जिवात जीव आला. मग म्हणाला, "तुम्ही नवे लोक पण काही कमी नाही. एका खोलीत दाटीवाटीने राहता, लोक बोलणारच."

तुम्ही नवे लोक! मी नुसतं बरं म्हटलं.

९ मार्च

झोप नाही.

१० मार्च, रविवार

वाचलो!

दुपारी मोर्चा आमच्या गल्लीत शिरला. दाराला कपाट लावलं, दोघं जमिनीवर आडवे. खालची काच फुटली. जिन्यावर बूट वाजले. वेल्डरने माझं मनगट असं आवळलं की वळ उठलेत. तेवढ्यात खालून भोंग्यावर कोणीतरी ओरडलं, बसक्या आवाजात, इथल्या भाषेत — "या घरात कोणी नाही! पुढे चला, पुढच्या गल्लीत!"

बूट उतरले.

वेल्डर म्हणाला, "कोण असेल रे तो? पाय धरीन त्याचे."

पुढच्या गल्लीतली खानावळ जाळली. तिचा म्हातारा मालक आमच्यासारखाच बाहेरचा. उशीर झाला तरी माझं ताट झाकून ठेवायचा. दवाखान्यात आहे.

११ मार्च

दादाचा फोन. "बरा आहेस ना?" आवाज पार बसलेला. म्हणे सर्दी.

१२ मार्च

आमच्या लॉन्ड्रीत प्रत्येक घराच्या कपड्यांना वेगळ्या रंगाचा दोरा. कॉलरच्या आत एक टाका घालायचा, म्हणजे अदलाबदल होत नाही. दादाच्या घराचा पिवळा, मीच निवडलेला. आज त्यांची पिशवी आली. वहिनी नेहमी न बघता हाताला येईल ते कोंबते. मुलांचे गणवेश, चादर, आणि मधे करडा शर्ट. डाव्या बाहीला घडी, मोठं घड्याळ दिसावं म्हणून दादा घालतो तशी. धुराचा वास.

मालकीणबाई ओरडल्या, "मशीन रिकामं फिरतंय!"

१३ मार्च

म्हातारा गेला.

दादाचा शर्ट धुतला. पिवळा टाका घातला. उलटा करून इस्त्री मारली.

वेल्डर अजून विचारतो — कोण असेल रे तो?