वरून कापड, खालून मोकपो

प्रिय अप्पा,

जेवले. हे आधीच लिहून टाकते, कारण फोनवर तुम्ही तेवढंच विचारता आणि मी 'हो' म्हटलं की ठेवता. गेल्या शरदापासून आपलं बोलणं एवढंच आहे. तक्रार नाही, नोंद आहे. आत्याच्या घरी बेटावर तुम्ही समुद्रशेवाळ वाळवता आणि संध्याकाळी धक्क्यावर बसता, हे आत्याकडून कळतं. बेसबॉल लागला की तुम्ही टीव्ही बंद करता, हेही तिनेच सांगितलं.

इकडची बातमी अशी. परवा ग्वाक काकू आमच्या प्रयोगशाळेत आल्या. ऑक्टोपस विकून तशाच आलेल्या, रबरी बुटांसकट. मागे दोघांनी माशांच्या पेट्या वाहणाऱ्या गाड्यावर बेसबॉलच्या सामन्यांत पसरायचा, तुम्ही शिवलेला आपला मोठा झेंडा आणला होता, तुमच्या दुकानाच्या माळ्यावरून काढलेला. आमचे साहेब उठून उभेच राहिले. काकू म्हणाल्या, "इसुल, तू दोरखंडं तपासतेस ना, जाळी तपासतेस? मग हा तपास. अजून एक मोसम काढेल का सांग." मी तीन ठिकाणचे तुकडे घेतले आणि ताणून पाहिले. उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने कापड निम्म्याहून जास्त कमजोर झालंय. तसं सांगितलं. काकू गाड्याला टेकल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मेला?" मी म्हटलं, "मेला नाही, पण त्याला आता ओढायचं नाही." त्यावर त्या म्हणाल्या, "तुझ्या बापासारखंच झालं की मग."

आपल्या बेसबॉल संघाचं नवं चिन्ह आता सगळीकडे लागलंय, टोप्यांवर, बसवर, बिअरच्या ग्लासांवर. क्रौंचाचं नुसतं डोकं. कात्रीसारखं दिसतं, असं तुम्ही म्हणाला होतात. खरंच दिसतं. पण तुम्ही कात्रीमुळे गेला नाहीत, हे मला माहीत आहे. संघाच्या त्या बैठकीत व्यवस्थापक बांग साहेबांनी पडद्यावर आपल्या झेंड्याचा फोटो दाखवला आणि हसत हसत सांगितलं की इतक्या वर्षांची ही चूक संघ आता स्वतः दुरुस्त करील, मैदानाकडून उलटं दिसणारं नाव या मोसमापासून चालणार नाही. सगळे हसले. तुम्ही उठलात, वाकून नमस्कार केलात, "चूक माझीच," म्हणालात आणि आठवड्याभरात दुकानाला कुलूप लावलंत.

त्या चुकीवर आपण सगळेच वाढलो. सातव्या डावात झेंडा आपल्या प्रेक्षकांच्या डोक्यांवरून सरकत खाली गेला की समोरच्या बाकांवरून आरोळी यायची, "ए कापडवाले, मीटर कसं दिलं?" आपल्या लिपीत मोक आणि पो असे दोन ठोकळे, मागून वाचले की पोमोक होतं, म्हणजे कापडचोपड. एक अक्षर आरशातल्यासारखं वळतं, बाकीची दोन्हीकडून सारखीच. दुसऱ्या कुठल्याही गावाच्या वाट्याला हे आलं नसतं. काकू उलट ओरडायच्या, "तुझ्या लंगोटापुरतं फुकट देते, ये!" आणि आपले लोक हसत सुटायचे. कुणीतरी दरवर्षी तुम्हाला म्हणायचं, अहो, पालथा करून पसरा की. तुमचं उत्तर ठरलेलं होतं, "शिवण उलटी पडेल, पावसाचं पाणी आत येईल." ताडपत्रीवाल्याशी शिवणीवरून कोण वाद घालणार?

मी घातला असता, पण तोवर मी तो झेंडा कधी नीट पाहिलाच नव्हता. परवा पाहिला. प्रयोगशाळेच्या जमिनीवर एकेक पट्टा पसरून दोन्ही बाजूंनी पाहिला. शिवणीबद्दल तुम्ही खरं सांगत होतात. पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेत, पाणी मैदानाकडे ओघळेल असे. म्हणजे वरची बाजू कुठली हे आधी ठरलं होतं. अक्षरं नंतर बसवली, त्यांची टीप शिवणीवरून गेली आहे. आणि अक्षरांच्या कडा, अप्पा, वरच्या बाजूला कच्च्या सोडल्यात, दोरे तसेच आहेत. खालच्या बाजूला मात्र सगळ्या दुमडून साफ केल्यात, आतले कोपरेसुद्धा. शिवणारा माणूस आपली चांगली बाजू बघणाऱ्याकडे ठेवतो. तुम्ही बघणारे खाली धरले होते.

मग मला कापडाची आठवण झाली. तुमच्या दुकानात ताडपत्री होती, शिडांचं जाड कापड होतं, आणि तुम्ही एवढा मोठा झेंडा छत्रीच्या कापडाचा केलात, ज्यातून उजेड आत येतो. त्याच्या आदल्या वर्षी संघाचा जुना, जाड झेंडा माझ्या डोक्यावरून गेला तेव्हा मी किंचाळले होते आणि तुम्ही मला उचलून थेट बाहेरच्या रस्त्यापर्यंत नेलं होतं. त्याआधीच्याच हिवाळ्यात इस्पितळात आईच्या चेहऱ्यावर ओढलेली चादर मी दारातून पाहिली होती. तुम्हाला ते माहीत होतं. त्यावर आपण तेव्हा बोललो नाही, नंतरही नाही. पुढच्या मोसमात नवा झेंडा आला. तो सरकत आपल्यापर्यंत पोहोचला, सगळं निळं झालं, आणि कड धरून उभे असलेले तुम्ही वाकून माझ्या कानाशी म्हणालात, "वर बघ. वाच. आपण कुठे आहोत?" मी नुकतीच अक्षरं शिकले होते. मी वाचलं, "मोक... पो." तुम्ही म्हणालात, "मग झालं तर." पुढे प्रत्येक सामन्यात तुम्ही विचारायचात आणि मी वाचायचे, पार मोठी झाले, चिडायला लागले तोवर. एका मुलीला सरळ वाचता यावं म्हणून तुम्ही सगळ्या मैदानाकडून कापडवाले म्हणवून घेतलंत, आणि बैठकीतसुद्धा बोलला नाहीत.

काकूंना मी कडा दाखवल्या. बाकी काही सांगितलं नाही. त्यांनी चष्मा लावून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हा माणूस गाढव आहे," आणि नाक पुसलं.

नवा झेंडा होणार आहे. वरच्या बाजूला संघाचं चिन्ह, त्यांना हवं तसं, गडद निळ्यावर पांढरी कात्री. नाव कुठेच नाही, म्हणजे उलटं दिसायला काही उरलंच नाही. खालच्या बाजूला मी त्याच निळ्या कापडाची, मोकपोच्या अक्षरांची ठिगळं लावायचं ठरवलंय. दोन थरांतून उजेड कमी येतो. वरून बघणाऱ्याला सपाट निळं दिसेल, आणि ऊन असेल तेव्हा खालच्यांना ठिगळांच्या सावल्या वाचता येतील. नमुना करून खिडकीशी धरून पाहिलं, चालतं. मंजुरीसाठी बांग साहेबांकडे नेलं. ते म्हणाले, "ही काय भानगड?" मी म्हटलं, "ताण येतो तिथला आधार." हे खरं आहे, आकडे जोडले होते. ते म्हणाले, "अक्षरांसारखी दिसतात." काकू म्हणाल्या, "साहेब, तुम्ही शिकलेले, तुम्हाला कुठेही अक्षरं दिसणार. आम्हाला तर ठिगळंच दिसतात बाई." ते थोडा वेळ नमुना उलटसुलट करत राहिले. मग एकदा वर, दिव्याकडे धरला आणि खालून पाहिला. "वरून दिसत नाही ना? मग मी काही पाहिलं नाही," म्हणाले आणि सही केली. माणूस वाटला तितका वाईट नाही.

आता हे पत्र कशासाठी ते. ठिगळं कापून तयार आहेत, पण शिवलेली नाहीत. मी दोन शिवून पाहिली. कापड चुण्या धरतं आणि आतले कोपरे उसवतात. तुमचे उसवले नव्हते. पहिला सामना शनिवारी दुपारचा आहे, ऊन असेल असा अंदाज आहे. त्याच्या आधीच्या आठवड्यात बोटीने या, येताना सुई रेटायचं ते हाताचं चामडं आणा. दुकान मी उघडून झाडून घेतलंय. काकू म्हणतात, भाताचं त्या बघतील, तुम्ही फक्त सुई धरा. आणि शनिवारी झेंड्याची कड धरायला मी उभी राहणार आहे, तुमच्या जागी. तुम्ही माझ्या जागी बसा. सगळं निळं झालं की मी वाकून तुम्हाला विचारीन, आपण कुठे आहोत. वर बघून, वाचून सांगायचं.

तुमचीच,
इसुल